रंध्याचा जीर्णोद्धार

वाटण्यांच्या वेळी घराघरांत जी भांडणं होतात, त्यांत सुतारकामाच्या पेटीवरून झालेलं भांडण मी अजून ऐकलेलं नाही. खोली कुणाच्या नावावर, पाटल्या कुणी नेल्या, पितळी हंडा मुळात कुणाच्या माहेरचा, यावरून दोन-दोन पिढ्या एकमेकांशी बोलत नाहीत. पेटीचा विषय निघाला की मात्र सगळे एकदम उदार होतात. ‘तुझ्याकडेच राहू दे ती,’ असं सगळे सगळ्यांना म्हणतात. शेवटी पेटी ज्याच्या पोटमाळ्यावर मावेल त्याच्याकडे जाते. आमच्या घराण्यात डोंबिवलीचा पोटमाळा माझा होता, म्हणून मी वारस.

पेटी आजोबांची. आजोबा माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपात सुतार होते. हे वर्कशॉप जीआयपी रेल्वेने १९१५ साली डबेदुरुस्तीसाठी उभारलं. त्या काळी डबा म्हणजे खाली लोखंडी सांगाडा आणि वर सागवानी घरच. भिंती, बाकं, खिडक्यांच्या झडपा, सगळं लाकूड. साहजिकच सुताराला तिथे मान होता आणि आजोबांना त्या मानाची जाणीव होती. मग १९५५ साली, गांधीजयंतीच्या दिवशी, पेरांबूरच्या डब्यांच्या कारखान्याचं उद्घाटन झालं आणि तिथून अख्खे पोलादी डबे बाहेर पडायला लागले. आजोबांच्या मते देशाची घसरण त्या दिवशी सुरू झाली. घसरण झाली याबद्दल आमच्या चाळीत दुमत नव्हतं, पण तिची तारीख सांगू शकणारे आजोबा एकटेच.

निवृत्त झाल्यावर त्यांनी एकेका अवजाराला मशीनचं तेल लावलं, वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि पेटी बंद केली. ऐकायला हे शास्त्रशुद्ध वाटतं. पण वर्तमानपत्राचा कागद हवेतला ओलावा शोषून घेतो, शिवाय तो जात्याच किंचित आम्लधर्मी. तेल सुकलं, कागद ओलावला आणि पात्याला जो चिकटला तो चिकटलाच. मी पेटी उघडली तेव्हा मोठ्या पटाशीवर दत्ता सामंतांचं नाव वाचता येत होतं. म्हणजे सामंतांचा गिरण्यांचा संप आणि आमच्या पटाशीचा संप एकाच सुमाराला, १९८२ मध्ये सुरू झाला, आणि दोन्ही रीतसर मागे घेतल्याचं कुणी जाहीर केलेलं नाही.

सगळा दोष कागदाला देणंही बरोबर नाही. खंडेनवमीचा वाटा मोठा आहे. दरवर्षी आश्विन शुद्ध नवमीला पेटी खाली यायची. झाकण उघडून अवजारांवर पाणी शिंपडायचं, हळद-कुंकू, अक्षता, झेंडूचं फूल, उदबत्ती. संध्याकाळी झाकण लावून पेटी पुन्हा वर. पाणी पुसायचं कुणाच्या मनात यायचं नाही, कारण पूजेचं पाणी पुसायचं नसतं. त्या दिवशी अवजारांना काम सांगू नये अशी रीत आहे; आमच्याकडे ती वर्षाचे उरलेले दिवसही कसोशीने पाळली गेली. लोक स्कूटरला हार घालतात, लॅपटॉपला कुंकू लावतात, पण दसरा उलटला की त्याच स्कूटरवरून कामाला जातात आणि त्याच लॅपटॉपवर साहेबाच्या शिव्या खातात. कामाशिवाय नुसती पूजा आमच्या पेटीच्याच नशिबी आली. पुढे गंज काढताना दिसलं की सगळ्यांत खोल खड्डे नेमके जिथे कुंकवाचं बोट टेकायचं तिथे पडले होते. घरातली भक्ती किती खोल होती, हे मिलिमीटरमध्ये मोजायची संधी फार थोड्यांना मिळते.

पेटीत होतं काय? एक बिडाचा रंधा, दोन लाकडी रंधे, पटाश्या, करवत, वाकस, गुण्या, गिरमिट, सामता आणि त्याची कमान, एक मोगरी. यातल्या बिडाच्या रंध्याबद्दल घरात पक्की दंतकथा आहे : एका गोऱ्या साहेबाने सत्तेचाळीस साली मायदेशी जाताना तो आजोबांना खूश होऊन दिला. मी जरा चौकशी केली, तर जुनं लोखंड असलेल्या प्रत्येक घरात हा साहेब येऊन गेलेला आहे. कुणाला पाना देऊन गेला, कुणाला वजनकाटा, कल्याणच्या एका गृहस्थांना तर अख्खी ऐरण. इंग्रजांनी इथून काय काय नेलं यावर आपल्याकडे बरंच लिहिलं गेलंय; ते जाताना दारोदार हत्यारं वाटत गेले, याची नोंद मात्र कुठेच नाही. रंध्यावर ‘मेड इन इंग्लंड’ असं उठवलेलं आहे, एवढाच पुरावा. तो मुंबईत रोख पैसे मोजून विकत घेतला असेल, ही शक्यता आमच्या घरात कुणी उच्चारत नाही.

हा रंधा हिरवा होता. कारखान्यातून असे रंधे निघतात तेव्हा वरचं अंग काळ्या चकचकीत लेपाचं असतं आणि तळ उघडा, घासलेला. मग हिरवा कुठून आला? उत्तर आमच्या जुन्या खोलीच्या खिडकीत होतं. ग्रिल हिरवं होतं. मराठी माणूस ऑइलपेंटचा अर्धा डबा टाकून देत नाही. ग्रिल झालं की उरलेल्यात स्टूल, स्टुलानंतर मीटरची पेटी, मग तुळशीची कुंडी, आणि तरीही ब्रश ओला असेल तर समोर दिसेल ते. रंधा समोर दिसला असणार. तो तळासकट रंगवलेला होता. गाडीची काच रंगवावी इतकं हे उपयोगी काम आहे. हिरवा खरवडल्यावर खाली चंदेरी लागला, चंदेरीखाली पिवळा. आमच्या घराची दिवाळीची रंगकामं त्या रंध्यावर थरांनी नोंदवलेली होती. पुरातत्त्व खात्याने बघायला हरकत नव्हती.

रंग निघतो. खरी लढाई गंजाशी. गंज म्हणजे लोखंड, हवा आणि पाणी यांचं संगनमत. तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून गंजलेला स्क्रू भोकात फुगून बसतो आणि आपण पिळलं की त्याची फक्त मान तुटते. आमच्याकडे पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं, उघडा राहिलेला पापड संध्याकाळपर्यंत लोळागोळा होतो. तिथे लोखंडाने काय तग धरायचा?

गंज कसा काढावा यावर लोकांचे पंथ आहेत आणि त्यांचं एकमेकांशी पटत नाही. वयाने ज्येष्ठ पंथ रॉकेलवाल्यांचा. यांच्या मते गंज, ढेकूण, डास, सायकलची चेन आणि पायाची सूज या सगळ्यांवर रॉकेल. अडचण एकच, रेशनवर आता पूर्वीसारखं रॉकेल मिळत नाही, त्यामुळे पंथाकडे निष्ठा आहे पण तीर्थ नाही. दुसरा पंथ आंबटवाल्यांचा. लिंबू, चिंच, व्हिनेगर, सायट्रिक ॲसिड. या पंथाला रसायनशास्त्राचा आधार आहे. आम्लात गंज सुटतो. पण आम्लाला थांबायचं कळत नाही. गंज संपला की ते शांतपणे खालच्या लोखंडाकडे वळतं आणि पातं करडं, खरबरीत करून ठेवतं. शिवाय बाहेर काढल्याबरोबर सोड्याच्या पाण्यात धुऊन खडखडीत कोरडं केलं नाही, तर बघता बघता नवा नारिंगी गंज धरतो. आमच्या काकूंनी चिंच आणि पितांबरी दोन्ही सुचवलं. तांब्या-पितळेला ते उत्तम. रंध्याला चिंचेच्या कोळात ठेवलं तर गंज जातो थोडा, पण मग लाकूड तासताना आमटीची आठवण येत राहते.

तिसरा पंथ विजेचा, आणि मी त्याची दीक्षा घेतली. प्लॅस्टिकची बादली, पाणी, त्यात धुण्याचा सोडा. बॅटरी चार्जरची ऋण तार अवजाराला, धन तार भंगारातल्या एखाद्या लोखंडी पट्टीला. दोघांनी एकमेकांना शिवायचं नाही. चार्जर सुरू केला की अवजारावरून बारीक बुडबुडे निघतात आणि गंज सैल होऊन काळ्या चिखलासारखा गळून पडतो. याची मोठी गंमत अशी की शाबूत लोखंडाला धक्का लागत नाही, गंज संपला की काम आपोआप थांबल्यातच जमा. दोन पथ्यं पाळायची. बुडबुडे हायड्रोजनचे असतात, म्हणून हे बंद बाथरूममध्ये करायचं नाही आणि जवळ उदबत्तीही लावायची नाही, मग खंडेनवमी का असेना. आणि धन तारेला स्टेनलेस स्टील लावायचं नाही, कारण त्यातल्या क्रोमियमचं पाण्यात भलतंच विषारी संयुग होतं. हे दुसरं पथ्य मला घरात अनेकदा मोठ्याने सांगावं लागलं. कारण बाल्कनीत बादली, तार आणि चार्जर बघितल्याबरोबर आमच्या हिने स्वयंपाकघरातले सगळे डाव आणि झारे मोजून ठेवले होते.

गंज उतरला की पुढचा त्रास सुरू होतो, तो म्हणजे सुट्या भागांचा. मूठ धरून ठेवणारा लांब बोल्ट गंजून अर्धा झालेला असतो. तो मिळेल या आशेने माणूस नागदेवी स्ट्रीटला जातो. मुंबईत ज्याला हत्यारांचं वेड आहे त्याची पंढरी तीच. पण या जुन्या बनावटीच्या रंध्यांच्या बोल्टचे आटे आजच्या कुठल्याच प्रमाणात बसत नाहीत. मिलिमीटरवाले बसत नाहीत, इंचवाले बसल्यासारखे वाटतात आणि दुसऱ्या फेऱ्याला अडतात. दुकानदार पहिल्यांदा बोल्टकडे बघतो, मग आपल्याकडे बघतो. दोन्हींची अवस्था लक्षात आल्यावर म्हणतो, ‘नवीन रंधा घेऊन टाका ना.’ किंमत सांगतो. ती आपण आत्तापर्यंत सोडा, तारा, ब्रश आणि रेल्वेच्या तिकिटांवर केलेल्या खर्चापेक्षा कमी असते. इथे जो माणूस नवीन रंधा घेऊन घरी जातो तो संसारी. बाकीचे आमच्यात येतात.

आमच्यात म्हणजे कुठे? तर या दुरुस्तीवेड्यांचा जगभर एक गोतावळा आहे आणि त्याचं कुलदैवत म्हणजे लिओनार्ड बेली. या अमेरिकन कारागिराने एकोणिसाव्या शतकात लोखंडी रंध्याची अशी रचना काढली की पातं पुढेमागे करायला चाक फिरवायचं आणि तिरकं झालं तर एक दांडी सरकवायची. त्याआधी लाकडी रंध्यात पाचर ठोकून पातं बसवायचं. पात्याच्या डोक्यावर टिचकी मारली की ते पुढे सरकतं, रंध्याच्या मागच्या टोकावर मारली की मागे येतं, आणि किती मारायची हे वडिलांनी शिकवलेलं असायला लागतं. १८६९ मध्ये स्टॅन्ली कंपनीने बेलीचे हक्क घेतले, रंध्यांना एकपासून आठपर्यंत नंबर दिले आणि तीच रचना थोड्याफार फरकाने अजून चालते. पाच नंबरचा चौदा इंच लांब, तो सगळ्या कामाचा. एक नंबरचा इतका पिटुकला की त्याने काही तासायचं म्हटलं तर दोन बोटांनी धरावा लागतो. तो जवळजवळ निरुपयोगी आहे, म्हणूनच संग्राहक त्याला हजार डॉलरच्या वर मोजतात. बिडावर उठवलेल्या पेटंटच्या तारखा, चाकाचा धातू, मुठीचा आकार यांवरून रंध्याचा जन्मकाळ काढणारे लोक आहेत. आपल्याकडे पत्रिका जुळवताना जेवढी माहिती विचारतात, त्याहून जास्त त्यांना रंध्याबद्दल हवी असते.

या गोतावळ्यात सगळ्यांत कडाक्याचं भांडण आहे ते चकाकीवरून. एक पक्ष म्हणतो, जुन्या लोखंडाला वयाने आलेला काळपट रंग हे त्याचं वैभव आहे, त्याला हात लावाल तर पाप लागेल. दुसरा म्हणतो, घासा, आरसा करा. आमच्या धाकट्या काकांनी तिसरीच भूमिका घेतली : ‘ठाण्यात माझ्या ओळखीचा एक जण आहे, सगळ्यांना निकल मारून घेऊ. शोकेसमध्ये काय दिसतील!’ काकांच्या पिढीला जुनी वस्तू आवडते, फक्त ती नवी दिसली पाहिजे.

मी मधला मार्ग धरला. दिसायला काळपट, जिथे लाकडाशी गाठ पडते तिथे लखलखीत. तळ सपाट करायचा तर जाड काच घ्यायची, तिच्यावर एमरी पेपर चिकटवायचा, तळावर स्केचपेनने रेघोट्या मारायच्या आणि घासत सुटायचं. रेघोट्या जिथे उरतात तिथे खळगा. सगळ्या रेघोट्या पुसल्या की तळ सपाट. या कामाला बुद्धी लागत नाही, त्यामुळे बुद्धिमान लोकांना ते फार आवडतं. माझ्या ओळखीचे एक निवृत्त प्राध्यापक सकाळी योगासनं सोडून तळ घासतात. श्वासाकडे लक्ष आपोआप राहतं, म्हणतात.

धारेचं प्रकरण याहून खोल. धार म्हणजे दोन सपाट बाजू जिथे मिळतात ती रेघ. त्यातली एक बाजू तिरकी, साधारण पंचवीस अंशांची. दुसरी पात्याची पाठ. लोक तिरकी बाजू घासत बसतात आणि पाठीकडे ढुंकून बघत नाहीत. पाठीला खड्डे असले की धारेला दात पडतात, मग तिरकी बाजू कितीही चमकवा. म्हणून आधी पाठ, मग पंचवीस अंश, मग अगदी टोकाशी तीस अंशांची बारीक किनार. कधी थांबायचं? पाठीवर बोट फिरवलं की टोकाला खरखरीत कड लागते, ती पूर्ण रुंदीभर आली की थांबायचं, मग ती कड मोडायची. सायकलवरून फिरणाऱ्या धारवाल्याकडे पातं देऊ नये, एवढं मी कळवळून सांगतो. त्याच्या चाकावर ठिणग्या छान उडतात, पण पातं तापून निळं पडलं की पोलादाचं पाणी उतरतं. मग ते पातं लोणी कापायला चांगलं.

धार लावायच्या दगडांचाही इतिहास मजेशीर आहे. एडवर्ड ॲचिसन नावाचा अमेरिकन संशोधक १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला विजेच्या भट्टीत कृत्रिम हिरे करायला बसला होता. हिरे झाले नाहीत. कडक, चमकदार, निळसर-काळे स्फटिक मिळाले. तेच कार्बोरंडम. करायला गेला गणपती आणि झाला मारुती, पण मारुती अख्ख्या जगाच्या कारखान्यांत पोचला. आज त्याचे दगड आणि कागद दोनशेवीस नंबरपासून हजार, तीन हजार, त्याहून बारीक असे मिळतात आणि दुरुस्तीवेडा माणूस सगळे घेतो. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर पातं फिरवायचं. मग परीक्षा. ती घ्यायची जुनी पद्धत म्हणजे मनगटावरचे केस भादरून बघणं. त्यामुळे गर्दीत आमच्यातला माणूस ओळखायला सोपा : उजवा हात माणसासारखा, डाव्या हाताला कोपरापर्यंत टक्कल. लग्नात अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून गेलो तर एक डॉक्टर काळजीने विचारत होते, ही जागा बधिर आहे का?

धार आली की लाकूड तासायचं. पण खरा दुरुस्तीवेडा लाकडाकडे बघत नाही, तो रंध्याच्या तोंडातून निघणाऱ्या सालपटाकडे बघतो. सालपट उजेडात धरायचं. त्यातून पलीकडचा मजकूर वाचता आला तर आनंद. जपानमध्ये ‘केझुरोकाई’ म्हणून मेळावे भरतात, तिथे लोक लांबच लांब सालपट काढतात आणि सूक्ष्ममापीने मोजतात; दहा मायक्रॉनच्या खाली गेलं की वाहवा. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन धरला तर हे त्याच्या सातव्या हिश्श्याइतकं. तिथे फळीकडे कुणी फारसं बघत नाही, आणि आमच्या घरातही तेच सुरू झालं. चांगली सागवानी फळी तासत तासत संपली आणि सालपटं मी चपट्या डब्यात जपून ठेवली. झाडलोट करणाऱ्या मावशींनी एकदा डबा उघडून विचारलं, ‘दादा, हे औषधी आहे का काही?’

करवतीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिच्यामुळे आमचं सोसायटीशी वाजलं. करवतीचे दात एक डावीकडे, एक उजवीकडे असे किंचित वाकवलेले असतात, म्हणजे कापलेली फट पात्यापेक्षा रुंद होते आणि पातं अडकत नाही. सगळे दात एकाच बाजूला झुकले तर करवत तिरकी पळते. दातांना धार लावायची ती त्रिकोणी कानशीने, एकेका दाताला वेगळी. त्यावेळी जो आवाज निघतो त्याचं वर्णन करण्याची मराठीची कुवत आहे, पण ते छापण्याजोगं नाही. चार दिवसांत फलकावर सूचना लागली : ‘सभासदांनी दुपारी २ ते ४ या वेळेत सदनिकेत औद्योगिक स्वरूपाचे काम करू नये.’ आमच्या इमारतीत औद्योगिक काय ते एवढंच असल्याने नाव लिहायची गरज नव्हती. मुठींना लावायच्या जवसाच्या तेलाची चिंधी बाल्कनीत बोळा करून ठेवली तर ती आपली आपण पेट घेऊ शकते, हे मी त्याच सुमाराला सेक्रेटरींना ज्ञान म्हणून सांगितलं. (खरं आहे ते, तेल सुकताना उष्णता निघते, म्हणून चिंधी पसरून वाळवायची किंवा पाण्यात बुडवायची.) माझा हेतू शैक्षणिक होता. पुढच्या सभेत अग्निशमन हा विषय आला.

मुठींना तेल पाजलं, शिसवीचा रंग वर आला, पटाश्या ओळीने लागल्या, गुण्या काटकोनात आला. सगळं झालं आणि हिने तो प्रश्न विचारला जो जगातल्या प्रत्येक दुरुस्तीवेड्याच्या घरात कधी ना कधी विचारला जातो : ‘अहो, पण यातून तुम्ही करणार काय?’

मी म्हटलं, स्टूल करीन. स्टुलाला सागवान लागतं. सागवानाचा भाव ऐकल्यावर मी स्टुलाचा आकार कमी केला, मग पाट ठरवला, मग किल्ल्या अडकवायची फळी. फळीला खुंट्या ठोकायच्या तर बैठक हवी. आजोबा जमिनीवर बसून पायाने लाकूड धरायचे. माझे पाय लाकूड धरायचं सोडा, जमिनीवर बसायलाही तयार नव्हते. म्हणजे आधी टेबल करायला हवं, टेबलाला लाकूड आवळून धरायला मोठा शेगडा हवा. जुन्या बाजारात एक शेगडा बघून ठेवला होता, फार गंजलेला नव्हता. हे ऐकून हिने विषय बदलला.

त्याच दिवसांत वरच्या मजल्यावर स्वयंपाकघराचं काम चाललं होतं. तिथल्या राजस्थानी मिस्त्रींना मी कौतुकाने पेटी दाखवली. त्यांनी रंधा उचलला, अंगठा धारेवरून आडवा फिरवला, डोळ्यापाशी धरून तळ बघितला. खूश झाले. म्हणाले, ‘मेरे बाप के पास ऐसा ही था.’ मग त्यांनीही विचारलं, ‘इससे करते क्या हो?’ त्यांचा प्रश्न रास्त होता. त्यांचं सगळं काम प्लायवूड आणि सनमायकाचं. प्लायच्या थरांमधला चिकट गोंद असली धार लावलेली पाती दोन हातांत बोथट करून टाकतो. त्यांच्याकडे विजेचा रंधा होता, केशरी रंगाचा, तो दोन मिनिटांत अख्ख्या मजल्यावर भुसा पसरवत असे आणि त्याला फलकावरची सूचना लागू नव्हती, कारण ते ‘नूतनीकरण’ होतं.

काम मिळालं ते जुलैत. लाकूड पावसात फुगतं, पण लांबीला नाही, रुंदीला. त्यामुळे दार उंच होत नाही, जाड माणसासारखं आडवं सुटतं आणि चौकटीत अडकतं. आमची इमारत चाळीस वर्षांची. दर पावसाळ्यात निम्मी दारं खांद्याने उघडायची आणि लाथेने लावायची. तळमजल्यावरच्या आजी बाथरूममध्ये अडकल्या आणि त्यांच्या नातवाने वर येऊन विचारलं, ‘काका, तुमच्याकडे ते घासायचं आहे ना?’ मी पाच नंबरचा रंधा घेऊन खाली गेलो. दाराची कड, लांब सरळ फेरे, पातळ सालपटं. आजी बाहेर आल्या, दार बोटाने लागलं, आणि ही बातमी संध्याकाळच्या आत गच्चीपर्यंत गेली.

त्यानंतर मला रविवार राहिला नाही. पहिला मजला, दुसरा मजला, दोन्ही विंग. ज्यांनी सूचना लावली होती त्या सेक्रेटरींचं बेडरूमचं दारही झालं, दुपारी अडीच वाजता, त्यांच्याच आग्रहाने. मानधन म्हणजे चहा आणि एखादी थालीपिठाची ताटली. प्रत्येक घरात मी दार खाली उतरवण्याआधी बजावून सांगत होतो : थोडं थांबा, नोव्हेंबरात लाकूड आपोआप आकसेल. आता जास्त तासलं तर हिवाळ्यात फट पडेल, मी अगदी कागदाएवढंच काढतो. यावर प्रत्येकाचं उत्तर एकच : ‘आला आहात तर घ्या ना थोडं जास्तच काढून. पुन्हा पुन्हा कशाला तुम्हाला त्रास?’

जानेवारीत तिसऱ्या मजल्यावरच्या काकू शाल पांघरून, घडी घातलेलं वर्तमानपत्र हातात घेऊन दारात उभ्या होत्या. फटीतून वारा येतो, डास येतात, आणि शेजारच्यांचा टीव्ही अख्खा ऐकू येतो. त्यांनी आत येऊन पेटीचं झाकण स्वतःच उघडलं, सगळी अवजारं नीट न्याहाळली आणि विचारलं, ‘काय हो, तासायचं एवढं सगळं आहे आजोबांचं, वाढवायचं काहीच नाही का यात?’